सिनेमा, मालिका आणि पवित्र शास्त्र: तरुण संघात ‘पारख बैठक’ कशी घ्यावी

तरुण संघात, म्हणजे मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांच्या गटात, सिनेमावर किंवा मालिकेवर चर्चा ठेवली की ती बहुतेक वेळा दोन खड्ड्यांपैकी एकात पडते. पहिल्या खड्ड्यात शिव्या, दारू, कपडे आणि चुंबनं मोजली जातात. आकडा फार झाला की ‘ख्रिस्ती माणसानं हे बघू नये’ असा निकाल लागतो आणि मुलं घरी जाऊन तेच बघतात. दुसऱ्या खड्ड्यात ‘शेवटी संदेश चांगला होता ना’ म्हणून सगळंच गोड मानलं जातं. खरा प्रश्न दोन्हीकडे विचारायचाच राहतो: ही गोष्ट बघताना आपल्याला काय हवंहवंसं वाटू लागलं?

हाच प्रश्न विचारणाऱ्या बैठकीला मी ‘पारख बैठक’ म्हणतो, आणि नगरच्या एका मंडळीत अशा बैठका घेतो. पहिल्या बैठकीची सुरुवात मी बायबलमधलं रोमकरांस १२:२ वाचून केली होती, ‘या युगाबरोबर समरूप होऊ नका’. त्यानंतर पुढचा तासभर कुणी तोंड उघडलं नाही. उत्तर आधीच फळ्यावर लिहिलं होतं, मग गणित कोण सोडवणार? वचन योग्यच होतं, पण ते चुकीच्या जागी आलं. तेव्हापासून मी क्रम बदलला. खालचा सगळा लेख त्या क्रमाबद्दल आहे. कॅथलिक धर्मग्रामातल्या युवा गटालाही तो तसाच लागू पडतो.

हा क्रम मला बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात सापडला. प्रेषित पौल अथेन्सला पोचतो, मूर्तींनी भरलेलं शहर पाहून आतून अस्वस्थ होतो, पण अरीयपगावर, म्हणजे तिथल्या सभेच्या जागी, उभा राहिल्यावर तो तक्रारीनं सुरुवात करत नाही. ‘मी फिरत फिरत तुमची पूजास्थानं नीट पाहिली’ असं तो सांगतो. मग त्यांच्याच कवीची ओळ घेतो, ‘आपण त्याचा वंश आहोत’. ती अरातस या ग्रीक कवीची ओळ आहे आणि मुळात झ्यूस या ग्रीक देवाबद्दल लिहिलेली आहे. पौलाला हे ठाऊक असणारच, तरी तिच्यातलं खरं तो खरं म्हणून स्वीकारतो. पश्चात्ताप आणि पुनरुत्थान हे त्यानंतर येतं. आधी पाहणं, मग मान्य करणं, मग सांगणं. आपण नेमकं हेच उलटं करतो.

## १. एकच कृती निवडा

एका बैठकीला एकच सिनेमा, किंवा मालिकेचा एका आठवड्याचा भाग, किंवा एक जाहिरात. ‘आजचा सिनेमा आणि आपण’ असा विषय ठेवलात तर दीड तास नुसती मतं उडत राहतील.

मुलं जे आधीच बघताहेत तेच निवडा. तुम्हाला जे दाखवायचंय ते नको, आणि सुरुवातीला तरी ‘ख्रिस्ती’ सिनेमा नकोच. तिथे सगळे सावध होतात आणि ठरलेलं बोलतात.

पहिल्यांदाच बैठक घेणार असाल तर अर्ध्या मिनिटाची जाहिरात घ्या. गोरेपणाच्या क्रीमचं उदाहरण घरोघरी माहीत आहे. ‘फेअर अँड लव्हली’चं नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, पण स्थळ बघताना ‘मुलगी जरा उजळ हवी’ हे वाक्य आपल्या ख्रिस्ती घरांतून गेलं का, हा प्रश्न उरतोच. जाहिरात लहान असली की गट पाहणीची सवय लवकर करतो.

तपासा: सेन्सॉरचं प्रमाणपत्र काय आहे? २०२४ पासून यूए गटात (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांत) ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत. संघात पंधरा वर्षांची मुलं असतील तर १६+ ची कृती घेऊ नका, आणि अठराखालच्या सगळ्यांच्या पालकांना कृतीचं नाव आधी कळवा. पण प्रमाणपत्र मूल्यांची हमी देत नाही. कुठल्या वयाला काय झेपेल एवढंच ते सांगतं. सर्वांसाठीच्या ‘यू’ प्रमाणपत्राचा कौटुंबिक सिनेमा पैशाची हाव अगदी गोड करून शिकवू शकतो.

सावधान: घरच्या ओटीटी खात्यावरून मंडळीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर सिनेमा लावू नका. ही खाती खासगी, घरगुती वापरासाठी दिलेली असतात. सगळ्यांनी घरी बघून यावं. बैठकीत दाखवण्याची गरजही पडत नाही, सांगण्याची पडते.

## २. दोनदा बघा, पेन्सिल दुसऱ्यांदाच

बैठक चालवणारा जो चालक ही पायरी गाळतो त्याची बैठक फसते. हे मी खात्रीनं सांगतो.

पहिल्यांदा बघताना काही लिहू नका. साध्या प्रेक्षकासारखं बघा आणि स्वतःवर लक्ष ठेवा. टाळी कुठे वाजवावीशी वाटली? नायकानं समोरच्याला झोडपावं असं कुठल्या क्षणी वाटलं? कुणाचं घर, कुणाची गाडी, कुणाचं लग्न बघून मनात ‘आपलंही असं असावं’ आलं? १ योहान २:१६ मध्ये देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी असे तीन शब्दप्रयोग आहेत. आपल्याला पहिलाच पाठ असतो. लोकप्रिय संस्कृतीचं बहुतेक काम दुसऱ्या आणि तिसऱ्यावर चालतं.

दुसऱ्यांदा बघताना वहीच्या पानावर चार रकाने आखा:

- शेवटी कुणाला काय मिळालं?
- त्याची किंमत कुणी मोजली?
- कॅमेरा आणि संगीत कुठे रेंगाळलं?
- कोण पडद्यावर होतं पण बोललं नाही?

चौथा रकाना बहुतेकांचा रिकामा येतो. तो रिकामा ठेवू नका. मालिकेतली मोलकरीण, नायकानं रस्त्यात उलटवलेल्या भाजीच्या गाडीचा मालक, नायिकेची ती मैत्रीण जिचं स्वतःचं आयुष्य कधीच दिसत नाही. गोष्ट कुणाला माणूस मानते आणि कुणाला सामान, ते याच रकान्यात कळतं.

## ३. बसण्याची तयारी

आठ ते बारा जण पुरेत. जास्त असतील तर दोन गट करा. बाकांवर नको, गोलात बसा. वेळ दीड तास, आणि पुढे सांगितलेल्या फेऱ्यांत त्याची वाटणी आधी ठरवा: घटना १५ मिनिटं, बक्षीस २५, खरं काय १५, शास्त्र २०, आरसा आणि निर्णय १५.

पाळकसाहेब किंवा फादर येत असतील तर आनंदच आहे, पण त्यांना आधी भेटून एक विनंती करा: सगळ्यात शेवटी बोला. त्यांचं पहिलं वाक्य बाकीच्यांचं शेवटचं वाक्य ठरतं. मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्यातल्या कुणालाही राग आला नाही.

सुरुवातीची प्रार्थना छोटी असू द्या, आणि तिच्यात निकाल सांगू नका. ‘हे प्रभू, या वाईट सिनेमापासून आम्हाला वाचव’ अशी प्रार्थना झाली की चर्चा संपली.

## ४. पहिली फेरी: काय घडलं?

फक्त घटना. ‘मला आवडलं’, ‘हे चुकीचं आहे’ या फेरीत चालणार नाही. एकानं सुरू करावं, दुसऱ्यानं पुढे न्यावं. सोपं वाटतं, पण इथेच कळतं की तीच गोष्ट प्रत्येकानं वेगळी पाहिली आहे.

पुढच्या फेऱ्या समजाव्यात म्हणून मी ‘सैराट’ घेतो. २०१६ चा हा सिनेमा मराठी घरांत इतका पाहिला गेलाय की घटना सांगत बसावं लागत नाही. पाटलांची आर्ची, मासेमाऱ्याचा मुलगा परश्या, दोघं पळून हैदराबादला जातात, हाल सोसतात, संसार मांडतात, मूल होतं. एक दिवस आर्चीचा भाऊ माहेरच्या भेटवस्तू घेऊन येतो. त्याच्यासाठी चहा होतो. आणि दोघांची हत्या होते.

आमच्या फेरीत चार जणांनी गोष्ट पळून जाण्यापर्यंत रंगवून सांगितली आणि हैदराबादचा भाग दोन वाक्यांत उरकला. परश्या संशयानं आर्चीला मारतो, ती निघून जाते आणि परत येते, हे तर कुणाला आठवलंच नाही. एका मुलीनं हळूच आठवण करून दिली. वगळलेलं काय, हे चालकानं टिपून ठेवावं. पुढे लागतं.

## ५. दुसरी फेरी: गोष्टीनं कुणाला बक्षीस दिलं?

सगळ्या बैठकीचा जीव या फेरीत आहे, म्हणून तिला सर्वांत जास्त वेळ.

सिनेमात एखादी गोष्ट दाखवणं वेगळं आणि तिला मान देणं वेगळं. बायबलमध्येही दावीद राजा परस्त्रीला बोलावून घेतो आणि तिच्या नवऱ्याला मारवतो. ते दाखवलंय, गौरवलेलं नाही. नाथान संदेष्टा येतो आणि ‘तो माणूस तूच’ म्हणतो. म्हणून ‘यात खून आहे’, ‘यात व्यभिचार आहे’ एवढ्यावर थांबू नका. विचारा: त्या कृतीनंतर गोष्ट कुणाच्या बाजूला उभी राहते? संगीत कुणासाठी वाजतं? शेवट कुणाला सुख देतो, आणि ते सुख कमावलेलं आहे की ओरबाडलेलं?

ही फेरी लावली की ओळखीच्या साच्यांमधून वेगळंच दिसू लागतं. मुलगी नाही म्हणते, नायक पाठलाग करत राहतो, शेवटी ती हसते. त्यात एकही शिवी नसेल, पण ‘नाही’ला किंमत नाही असा धडा त्याला मिळालेल्या बक्षिसात आहे. कायदा हातात घेणारा नायक शंभर माणसं लोळवतो आणि थिएटर शिट्ट्या मारतं. सुनेनं मुकाट सोसलं की मालिका तिला देवघरासमोर उजळ प्रकाशात उभी करते. गाण्याच्या स्पर्धेत स्पर्धकाची गरिबी आधी सविस्तर दाखवतात आणि मग गाणं, म्हणजे दुःखही गुण मिळवायच्या कामाला लावलं जातं.

आता ‘सैराट’कडे या. वरवर बघणारे म्हणतात, हा सिनेमा पळून जायला शिकवतो. रकाने भरा. शेवटी कुणाला काय मिळालं? दोघांना मरण. हत्येला संगीताची साथ आहे का? नाही, शेवटचा प्रसंग आवाजच काढून घेतो. कॅमेरा कुठे रेंगाळतो? रक्तात पाय माखून रडत बाहेर पडणाऱ्या लेकराच्या पावलांवर. सिनेमा खुन्यांच्या ‘इज्जती’ला काहीच बक्षीस देत नाही.

मात्र लोकांनी त्या सिनेमातून काय उचललं, ते याच फेरीत धरायला हवं. लग्नाच्या वरातीत ‘झिंगाट’ वाजलं, ख्रिस्ती लग्नांच्या रिसेप्शनमध्येही वाजलं. पूर्वार्धाचा जल्लोष घराघरात आला, ती पावलं आली नाहीत. कृतीची मूल्यं आणि तिच्या वापराची मूल्यं वेगवेगळी असू शकतात. लोकप्रिय संस्कृतीवर बोलताना दोन्हींवर बोलावं लागतं, नाहीतर आपण दिग्दर्शकाला दोष देत राहतो आणि वरातीत नाचत राहतो.

सावधान: पडद्यावर आरती, गणपती किंवा मशीद दिसली म्हणून चर्चा शेजाऱ्यांच्या श्रद्धेवर घसरू देऊ नका. ती बैठक वेगळी, आणि ती त्यांच्या पाठीमागे घ्यायची नसते.

सावधान: हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस बऱ्याचदा दारुडा, गुंडाचा साथीदार किंवा मोडकंतोडकं हिंदी बोलणारा असतो. राग योग्य आहे. पण सगळी फेरी ‘आपल्याला कसं दाखवलं’ यातच गेली तर ‘आपण इतरांना कसं बघतो’ हा प्रश्न बुडतो. पाच मिनिटं द्या, वहीत नोंद करा, पुढे चला.

## ६. तिसरी फेरी: यात खरं काय आहे?

टीकेआधी मान्यता, पौलाच्या क्रमानं. प्रत्येकानं निदान एक गोष्ट सांगायची जी ख्रिस्ती नजरेलाही खरी किंवा सुंदर वाटते. फिलिप्पैकरांस ४:८ मधली यादी इथे कामाला येते: सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय, श्रवणीय. या यादीचा उपयोग आपण नेहमी गाळणी म्हणून करतो. एकदा शोधयादी म्हणून वापरून बघा. यादीतला पहिला शब्द ‘सत्य’ आहे, ‘गोड’ नाही. ‘सैराट’चा शेवट गोड नाही, पण सत्य आणि न्याय या दोन्ही शब्दांना तो धरून आहे.

कुणी ‘मला काहीच चांगलं दिसलं नाही’ म्हणालं तर जबरदस्ती करू नका. काही कृतींत खरंच फारसं काही नसतं.

## ७. चौथी फेरी: आता शास्त्र उघडा

इथपर्यंत तुम्ही एकही वचन उत्तर म्हणून वापरलेलं नसावं. आता वापरा, पण तुटकं वचन नको, पूर्ण शास्त्रभाग हवा. निवड आधी घरी करून आणा आणि तीन चुका टाळा.

पहिली चूक: हाताशी असलेलं वचन. ‘सैराट’ म्हटलं की लगेच इफिसकरांस ६:१ निघतं, मुलांनो आईबापांच्या आज्ञेत राहा. मग चौथं वचनही वाचाच, जिथे बापांना मुलांना चिरडीस आणू नका असं बजावलंय. त्याहून जवळचा भाग उत्पत्ती ४ आहे, काइन आणि हाबेल या भावांचा. भाऊ बोलावतो, विश्वासात घेतो, मारतो, आणि देव म्हणतो की रक्त जमिनीतून ओरडतं आहे. लेकराची ती लाल पावलं डोळ्यांसमोर असताना हा अध्याय मोठ्यानं वाचा. आमच्याकडे वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मी ती शांतता मोडली नाही.

दुसरी चूक: भाषांतराचा एकच शब्द पकडणं. गोरेपणाच्या जाहिरातीसाठी गीतरत्न १:५ घेणार असाल तर हे लक्षात असू द्या. ‘मी काळी पण सुंदर’ असं अनेक भाषांतरांत येतं, पण मूळ हिब्रूतला जोडशब्द ‘आणि’ असाही वाचता येतो: ‘मी काळी आणि सुंदर’. ‘पण’ आणि ‘आणि’ यांत काय फरक पडतो, एवढ्यावरच गट वीस मिनिटं बोलू शकतो. बोलू द्या.

तिसरी चूक: सगळ्यांचा विवेक एकच धरणं. १ करिंथकरांस ८ आणि रोमकरांस १४ इथे वाचावेत. मूर्तीला दाखवलेलं अन्न एकाला निव्वळ अन्न वाटतं, दुसऱ्याला जुन्या जीवनाचा ओढा. घरात पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतलेली मुलगी आणि पाचव्या पिढीचा ख्रिस्ती मुलगा एकच देवीचं गाणं ऐकताना सारखेच स्थिर नसतात. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्याला पौल विचारतो, तुझ्यामुळे शेजारच्याला काय होतं?

## ८. पाचवी फेरी: आरसा

इथे प्रश्न सिनेमाकडून आपल्याकडे वळतो. चालकानं स्वतःपासून सुरुवात करावी, नाहीतर कुणी खरं बोलत नाही.

आमच्या बैठकीत मी स्थळांच्या ग्रुपचा विषय काढला. ख्रिस्ती विवाहाच्या जाहिरातींत पंथ विचारतात, रंग विचारतात, आणि बोलणी पुढे गेली की आडून ‘मूळचे कोण?’ हेही विचारतात. वसईत कुपारी, वाडवळ, कोळी हे भेद, गोव्यात बामण, चाड्डी, शूद्र. ख्रिस्तात सगळे एकच आहेत असं सांगणारं गलतीकरांस ३:२८ आपण उपासनेत वाचतो आणि सोयरीक जुळवताना मिटून ठेवतो. पडद्यावरच्या पाटलाला दोष देऊन झाल्यावर हे बोललंच पाहिजे, मग ते बोलताना घशात काही अडकलं तरी चालेल.

आरशात मंडळीही दिसावी. उपासनेच्या रंगीत दिव्यांना, ‘लाइव्ह’ किती जणांनी पाहिलं या आकड्याला, आणि ‘विश्वास ठेवलास तर गाडी मिळेल’ असं सांगणाऱ्या संदेशाला तोच चार रकान्यांचा कागद लावा. तिथे कुणाला बक्षीस मिळतं आहे?

तपासा: एखाद्याच्या घरातली खासगी गोष्ट बाहेर आली का? आली असेल तर तिथेच सांगा की ती या खोलीत राहील, आणि तसं पाळा. कुणी मारहाणीबद्दल किंवा जिवाच्या भीतीबद्दल बोललं तर मात्र बैठक संपल्यावर त्याच दिवशी त्या व्यक्तीशी एकांतात बोला, आणि एखाद्या जबाबदार मोठ्या माणसाची मदत घ्या.

## ९. निर्णय: दहा दिवसांचा

‘आजपासून मी मालिका बघणार नाही’ असे नवस बैठकीत घेऊ देऊ नका. बुधवारपर्यंत ते मोडतात, आणि मग मूल बैठकीलाच यायचं बंद होतं.

दानीएलाच्या पहिल्या अध्यायात याहून चांगला मार्ग आहे. बंदी म्हणून बाबेलला नेलेले दानीएल आणि त्याचे सोबती तिथली भाषा शिकतात, तिथलं साहित्य शिकतात, दिलेली नावंही चालवून घेतात. एका जागी मात्र रेघ मारतात, ती राजाच्या पक्वान्नांपाशी. आणि तिथेही ते म्हणतात, दहा दिवस आमची परीक्षा घेऊन पाहा. सगळं टाकलं नाही, सगळं घेतलंही नाही. रेघ एक, मुदत ठरलेली.

तसंच करा. प्रत्येकानं एक रेघ चिठ्ठीवर लिहावी, दहा दिवसांसाठी. जेवताना रील्स नाहीत. वरातीत ते गाणं लागलं तर मी नाचणार नाही. सूडाचा सिनेमा बघितल्यावर भावाशी भांडण झालं का, ते रोज लिहीन. कुणाची रेघ काही सोडण्याची नसून काही सुरू करण्याचीही असू शकते. एका मुलानं लिहिलं होतं, आईसोबत बसून तिची मालिका बघेन आणि तिला ती का आवडते ते विचारीन. त्या दिवसातली ती मला सर्वांत चांगली चिठ्ठी वाटली.

चिठ्ठ्या गोळा करू नका. ज्याची त्याच्याकडे राहू द्या.

## १०. दहा दिवसांनंतर

उपासनेनंतरचा अर्धा तास पुरतो. तीन प्रश्न: रेघ पाळली का? पाळताना काय जड गेलं? त्या रिकाम्या वेळेत मनात काय आलं? ‘काहीच फरक पडला नाही’ हे उत्तरही वहीत लिहा. दानीएलाच्या कारभाऱ्यानं दहा दिवसांनी त्यांचे चेहरे पाहिले, त्यांची बाजू ऐकत बसला नाही. तुम्हीही तेवढंच करा.

मग पुढची कृती ठरवा, आणि ती निवडण्याची पाळी द्या मागच्या बैठकीत सर्वांत कमी बोललेल्या मुलाला किंवा मुलीला.